ठकूअक्काचा झाडमंत्र

ठकूअक्कानं माझ्या वडिलांना घरातून झाडून काढलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. साल १९५९. वडील त्या वेळी आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर जाऊन पडेपर्यंत त्यांनी ते हातातून सोडलं नाही. बंगळूरच्या बसवनगुडीत आमच्या ओळीत ही हकिकत पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. सांगणारे वडिलांवर हसायचे आणि तिथंच थांबायचे. पण गोष्ट खरी ठकूअक्काची आहे, आणि ती ढिगापाशी संपत नाही. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

ठकूअक्का निपाणीजवळच्या एका खेड्यातली. माहेर मराठी, सासर कानडी. त्यामुळे तिच्या एका वाक्यात दोन्ही भाषा सुखानं नांदायच्या. उंच, काटक बाई. अंगावर इरकल लुगडं, आणि आवाज असा की शेजारच्या शेतातल्या माणसाला हाक मारतेय. नवरा देवाप्पा तिच्या उलट. हळू बोलायचा, हळू चालायचा, अंगाला कायम खळीचा वास, कारण तो बंगळूरच्या शिवाजीनगरात एका बुकबाइंडरकडे वह्या-पुस्तकं बांधायचा. १९५१ साली दोघं बंगळूरला आली आणि भीमाचार्यांच्या वठारात राहिली. मधे मोकळा चौक आणि भोवती आठ बिऱ्हाडं, अशा जागेला तिकडे वठार म्हणतात. सहा वर्षांनी त्याच वठारात आम्हीही राहायला आलो. वडील, उपेंद्र सातारकर, विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. आईचं नाव हेमलता. आणि मी अलका.

त्या काळी प्रत्येक घरात एखाददुसरा मंत्र असायचाच. त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. माझ्या आईकडे तिच्या आईकडून आलेला दूध उतू न जाण्याचा मंत्र होता. घाईत असली की ती तो अर्धाच म्हणायची आणि दूध पातेल्याच्या काठावर येऊन नुसतं थरथरत राहायचं. भीमाचार्यांच्या घरी धोतरं आपोआप निऱ्या घालून वाळायची. मंत्र छापून मिळायचे नाहीत. तोंडातून कानात, बहुतेक वेळा सासूकडून सुनेला, असेच जायचे. आणि ज्याच्या घरी जो होता तो तिथंच राहायचा.

ठकूअक्काला मिळाला होता झाडमंत्र. तिची सासू यल्लव्वा हिला चार सुना. थोरल्या तिघी चांगल्या टापटिपीच्या. ठकू धाकटी, आणि तिघींच्या मते अजागळ. तरी यल्लव्वानं एका दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता मंत्र दिला तो हिला. थोरल्या फुरंगटल्या. यल्लव्वा म्हणाली, "तुमाला सगळंच घाण दिसतंय. हिला दिसत न्हाई, म्हणून ही विचारून झाडील."

आणि ठकूअक्का खरंच विचारून झाडायची. मंत्राची रीत अशी होती. घर रिकामं करायचं नाही, काही हलवायचं नाही. तिनं उंबऱ्याला हात लावायचा, दोन ओळी म्हणायच्या, की मंत्र उघडायचा. मग एकेका वस्तूचं नाव घेऊन पुढे 'कस' म्हणायचं. कन्नडात कचऱ्याला कस म्हणतात. पण शेवटचा अकार ते पुरता उच्चारतात, त्यामुळे आपल्या कानाला तो 'कसा'च ऐकू येतो. "कोळिष्टक, कसा. केसांचा गुंता, कसा. कपाटाखालची धूळ, कसा." नाव घेतलं की ती ती वस्तू जागची उठायची, जमिनीलगत सरकत रांगेत लागायची आणि रांग दारातून बाहेर पडून थेट कोपऱ्यावरच्या ढिगाकडे चालू लागायची. शेवटी ठकूअक्का टाळी वाजवून म्हणायची "सरी", म्हणजे झालं, की मंत्र मिटायचा. उघडल्यापासून मिटेपर्यंत घरातल्या कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. आठ वर्षं ती बसवनगुडीतली घरं अशी झाडत आली होती. सगळी कानडी घरं. मंत्र उघडा असताना कुणी चुकून काही बोललंच, तरी 'हा माणूस कचरा' असं कोण म्हणेल?

आमचं घर हे तिचं पहिलं मराठी घर.

खरं तर आईनं तिला कधी बोलावलं नसतं. आईला आपला हात आणि आपला झाडू पुरत होता. पण वडिलांना रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता. कारखान्यातून आले की उघडायचे एखादा. तारा, स्क्रू, काचेचे व्हॉल्व्ह, पत्र्याचे तुकडे पलंगाखाली, फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी. आदल्या रात्रीच्या आमटीत आईला एक स्क्रू सापडला होता आणि त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. त्यात वडिलांची आत्या साताऱ्याहून येणार असल्याचं पत्र आलेलं. पत्रात दिवस लिहिलेला नव्हता. आईनं शनिवारी दुपारी ठकूअक्काला हाक मारली.

ठकूअक्का पदर खोचून आली. पायरीवर उभी राहून तिनं सगळं घर डोळ्यांखालून घातलं.

"सायेबांचं हे तारांचं काय करायचं वैनी? न्यायचं का ठेवायचं?"

आई म्हणाली, "सगळं न्या."

"एकही तुकडा जाता कामा नये," वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले.

ठकूअक्कानं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मी आज नुसती धूळ काढते. ते तुमचं तुमी ठरवा." मग बोट ओठांवर ठेवून तिनं सगळ्यांना गप्प बसवलं आणि उंबऱ्याला हात लावला.

मंत्र उघडला. धूळ, कसा. जळमटं, कसा. वाळलेली झुरळं, कसा. करड्या रंगाची लांबच लांब रांग माझ्या पायाजवळून सरकत चालली होती, आणि मी पाय वर घेऊन पलंगावर बसले होते. तेवढ्यात बाहेर टांगा थांबला. टांग्यातून आत्याआजी उतरली, वळकटी टांगेवाल्याच्या डोक्यावर दिली आणि लुगडं सावरत, दाराकडे येता येताच, अख्ख्या साताऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"काय गं हेमलता, आमचा उपेंद्र कसा?"

वडील खुर्चीतून उठले. म्हणजे उचलले गेले. बसल्या अवस्थेतच, गुडघे वाकलेले, वर्तमानपत्र समोर धरलेलं, ते वीतभर उंचीवरून झुरळांच्या मागे रांगेला लागले. "अहो!" आई ओरडली. "सरी! सरी! सरी!" ठकूअक्का ओरडली आणि तिनं टाळ्यांवर टाळ्या वाजवल्या. मंत्र मिटला खरा, पण निघालेली रांग थांबत नाही. वडील आत्याआजीच्या पायांजवळून गेले. तिनं वाकून आशीर्वाद दिला, कारण तिला वाटलं भाचा नमस्काराला वाकलाय.

गल्लीत लोक थांबून बघत होते. एकानं आदबीनं विचारलं, "सार, एल्लिगे?" कुठे निघालात?

"गोत्तिल्ला," वडील म्हणाले. माहीत नाही. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच कन्नड बोलले.

ढीग गल्लीच्या टोकाला, एका उंबराच्या झाडाखाली होता. रांग तिथं पोचली, धूळ पसरली आणि वडील अलगद वर जाऊन बसले. उठायला गेले की पुन्हा बसत. ढिगावर गेलेली वस्तू आपली आपण उतरत नसते. आम्ही सगळ्या धावत पोचलो तेव्हा ठकूअक्काचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा झाला होता.

"वैनी, माणूस कधी गेला नव्हता हो. आठ वर्षांत कधी न्हाई."

"ते राहू दे, त्यांना उतरवायचं कसं?"

"जिनं घर झाडाय सांगितलं तिनंच बोलवायचं. नाव घ्यायचं, आन म्हणायचं हवंय. पर लौकर. चारला शिवाप्पाची गाडी येती. गाडीत भरलेलं परत फिरत न्हाई."

पावणेचार वाजले होते. आईनं पदर डोक्यावर घेतला. अडचण आम्हा बायकांना लगेच कळली. माझ्या आईनं लग्नाला दहा वर्षं होऊन वडिलांचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अहो' आणि 'हे' यांवरच तिचा संसार चालला होता. आणि इथं तर अर्धी गल्ली जमली होती, कालची आमटी अजून डोक्यात होती.

"उपेंद्र... राव. हवेत," ती जमिनीकडे बघत पुटपुटली.

वडील जरासे हलले आणि जिथल्या तिथं बसले.

"मनापासून वैनी," ठकूअक्का म्हणाली.

तेवढ्यात बैलाच्या घंटा वाजल्या. शिवाप्पाची कचरागाडी वळणावर आली. शिवाप्पा खाली उतरला, फावडं टेकवून त्यानं ढिगावरच्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाकडे पाहिलं आणि गोंधळून विचारलं, "इदु कसाना, सार?" हे कचऱ्यातलं आहे का, असं तो विचारत होता.

"बरा आहे, बरा आहे," वडील म्हणाले.

ठकूअक्का मधे पडली. आडवे हात पसरून ती गाडी आणि ढिगाच्या मधे उभी राहिली आणि शिवाप्पाला कन्नडात सांगू लागली की जरा थांब, घरचं माणूस बोलणार आहे. आत्याआजीनं तेवढ्यात आईला कोपरानं ढोसलं. "अगं, उखाण्यात घे. उखाण्यात नाव घ्यायला कसली लाज?"

आईनं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे. मग एका दमात म्हणाली,

"कोपऱ्यावरच्या ढिगावर केळीची साल,
उपेंद्रराव मला हवेत, जसे हवे होते काल."

वडील सुटले. सरळ घसरत खाली आले आणि आईच्या पुढ्यात उभे राहिले. कपड्यांवर धूळ, खांद्यावर एक झुरळ. "काल तर भांडलीस," ते म्हणाले.

"भांडताना पण हवेच होतात," आई म्हणाली आणि भरभर घराकडे चालू लागली. जमलेल्या लोकांना एक शब्दही कळला नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. शिवाप्पानंही.

आमच्या घरात ही गोष्ट इथं गोड झाली. रेडिओसाठी वडिलांनी एक पेटी केली, आणि मंडईत, देवळात, आईला कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती आता खुशाल सांगू लागली. ठकूअक्काच्या घरात मात्र ती गोड झाली नाही.

माणसं झाडणारी बाई, असं तिचं नाव पडलं. पुढच्या शनिवारी एकही बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भीमाचार्य वठाराचे मालक, आमच्याच चौकात समोर राहायचे. अंगानं भारदस्त, स्वभावानं भित्रे. त्यांनी देवाप्पाला बोलावून सांगितलं की राहायला हरकत नाही, पण तुझ्या बायकोनं या आवारात मंत्र म्हणायचा नाही. आई ठकूअक्काकडे गेली तर ती दारात बसून शेंगदाणे निवडत होती.

"चूक आत्याबाईंची, तुमची नाही," आई म्हणाली.

"त्या बिचाऱ्या खुशाली विचारीत होत्या वैनी. खुशाली विचारल्यावर माणूस ढिगावर जात असंल तर मंत्रच खोटा." मग एक खवट दाणा बाजूला टाकून, "पर तो सासूबाईंचा हाय. त्यातला शब्द मी कसा बदलू? हात लावायची भीती वाटती."

तिनं वीसेक दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी पिशवीत चार भाकऱ्या घेऊन ती एकटीच गावी निघाली. चार दिवसांनी परत आली ती हसतच. पायरीवर बसून तिनं आईला सगळं सांगितलं, आणि मी ऐकत होते.

यल्लव्वा तेव्हा ऐंशीच्या घरात होती. सुनेची हकिकत ऐकून ती इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. मग म्हणाली, "अगं, तो शब्द काय देवानं दिलाय? मीच घातला. माझ्या सासूचा शब्द येगळा होता. तिचा होता 'होगु', म्हंजे 'जा'."

"जा?"

"दिवसातनं माणूस किती वेळा जा म्हणतंय, सांग. शेळी गेली, दोन कोंबड्या गेल्या. एकदा पावणा गेला."

"मग? पाहुण्याला परत आणला?"

"न्हाई. कुणाला हवा नव्हता."

ठकूअक्कानं विचारलं की मग इतकी वर्षं हे मला सांगितलं का नाही. यल्लव्वा म्हणाली, "तू विचारलंस का? आमच्या घरात सगळी कानडी, म्हणून मला 'कसा' चालला. तू जिथं राहतीस तिथली माणसं काय बोलत्यात ते मला काय ठावं? तुझा शब्द तू बघ."

तेव्हापासून ठकूअक्का शब्द शोधू लागली. तिला असा शब्द हवा होता जो बंगळुरात चुकूनसुद्धा कुणाच्या तोंडून निघणार नाही. ती देवाप्पाबरोबर शिवाजीनगरला जायची आणि बाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर दिवसभर कान टवकारून बसायची. समोर बाजार. तमिळ, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, मलयाळम, सगळं एकाच वेळी. तिनं 'पोंप' ठरवला तर बसचा भोंगा नेमका तसाच वाजला. 'चुक्क' धरला तर टांगेवाला घोड्याला चुक्क करायचा. 'दब्ब' ती घेणारच होती, पण पुस्तकं दाबायचं यंत्र मिटताना तसंच म्हणायचं, आणि देवाप्पानं घाबरून सांगितलं की तो शब्द नको, माझा अंगठा जाईल. आमच्या वडिलांनाही चेव चढला. ते रोज संध्याकाळी कारखान्यातून नवे शब्द घेऊन यायचे, आणि प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या भाषेत शिवी निघायचा.

शेवटी जो शब्द ठरला तो मी इथं लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणी मोठ्यानं वाचला आणि जवळ एखादा मंत्र उघडा असला तर नसती पंचाईत व्हायची. त्याचं पहिलं अक्षर झ होतं, एवढंच सांगते.

शब्द मिळाला पण मंत्र तो घेईना. ठकूअक्का रोज दुपारी आपल्या खोलीत उंबऱ्याला हात लावून केळीच्या सालीसमोर उभी राहायची, नवा शब्द म्हणायची आणि साल तशीच पडून राहायची. भीमाचार्यांनी आवारात बंदी केली होती, म्हणून आवाज दबकाच. आठवडा गेला, दोन गेले. देवाप्पा म्हणाला, सोड. तो कधी नव्हे ते एवढं बोलला, म्हणून ती चिडली आणि त्याच्या हातातल्या विझलेल्या विडीकडे बोट करून नवा शब्द फेकून म्हणाली. मंत्र मिटलेला होता, तेव्हा विडीला काहीच झालं नाही. पण ती थबकली. शब्द तिनं पहिल्यांदाच मनातून वापरला होता.

त्या दिवसापासून ती तो सगळ्या वाया गेलेल्या वस्तूंना लावत सुटली. सडकं वांगं, फाटकं पोतं, उसवलेली चप्पल. नळावर पाणी अर्ध्यात गेलं की त्यालाही. आई सांगायची, एकदा तर ठकूअक्का झोपेत कूस बदलताना तो शब्द बोलल्याचं देवाप्पानं ऐकलं होतं. महिनाभरानं एका दुपारी तिनं सालीसमोर उभं राहून शब्द म्हटला, आणि साल गुमान उठून बाहेर गेली. ठकूअक्का तिच्यामागून ढिगापर्यंत चालत गेली. परत आली ती आमच्याकडे, आणि आईच्या हातात हात देऊन उभी राहिली.

आता लोकांना पटवायचं होतं. ती संधी भीमाचार्यांनीच आणली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. वराकडचे घरी येणार, आणि घराच्या माळ्यावर तीस वर्षांची अडगळ. चार गडी लावले, ते शिंकून शिंकून पळून गेले. अखेर एका रविवारी सकाळी भीमाचार्य स्वतः ठकूअक्काच्या दारात येऊन उभे राहिले. कन्नडात म्हणाले, "अक्का, झाडशील का? पण घरात पाहुणे येणार, बायका-मुलं येणार. सगळ्यांची तोंडं मी कशी बंद ठेवू?"

"कुणी तोंड बंद ठेवू नका," ठकूअक्का म्हणाली. "पायजे ते बोला. मी शब्द बदललाय."

"आणि नाही चालला तर?"

वठारातली सगळी मंडळी चौकात जमली. भीमाचार्य म्हणाले की आधी दाखव, माझ्या माणसांवर नको. पण कुणाच्या माणसांवर? बायकांनी मुलांना मागे ओढलं. देवाप्पा पुढे सरकला, तर ठकूअक्कानंच त्याला थांबवलं. घरच्या माणसावर केलेलं लोक खरं मानणार नाहीत म्हणाली. दुसरं कुणी पुढे येईना. ठकूअक्का खाली मान घालून उभी होती.

मग आमच्या दारातून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. वडील आरामखुर्ची घेऊन बाहेर आले. ती त्यांनी बरोबर चौकाच्या मधोमध ठेवली, वर्तमानपत्र उघडलं आणि बसले.

"उघडा तुमचा मंत्र," ते म्हणाले.

"सायेब, नको," ठकूअक्का म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला.

"मला रस्ता माहीत आहे. आता कन्नडही येतं थोडं. उघडा."

ठकूअक्कानं लुगड्याला हात पुसले, भीमाचार्यांच्या उंबऱ्याला हात लावला आणि त्या दोन ओळी म्हटल्या. तिनं माळ्याकडे बघून जळमटांचं नाव घेतलं आणि नवा शब्द उच्चारला. माळ्यावरून जळमटांच्या लडी उतरल्या आणि रांगेत लागल्या. रांग चौकातून, वडिलांच्या खुर्चीला वळसा घालून जाऊ लागली. आता कुणीतरी विचारायला हवं होतं. सगळे आईकडे बघत होते.

आई पुढे आली. पदर डोक्यावर घ्यायला ती विसरली.

"उपेंद्र कसा?" तिनं खणखणीत विचारलं.

वडिलांनी पान उलटलं. "मजेत," ते म्हणाले.

खुर्चीचा पायसुद्धा हलला नाही. आधी हसली ती भीमाचार्यांची मुलगी, मग सगळं वठार हसू लागलं, आणि मग जो तो जमेल तशा मराठीत विचारू लागला. देवाप्पा कसा, अलका कशी, भीमाचार्य कसे, वरमाई कशी. ठकूअक्का मोठमोठ्यानं धुळीची नावं घेत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्या दिवशी तिनं माळा झाडला, कोठी झाडली, कुणी न सांगता गच्चीही झाडली. मधेच भीमाचार्यांनी आपल्या वडिलांच्या हातचे जुने कागद पाहून हात वर केला, तेव्हा तिनं थांबून त्यांना पायरीवर बसवलं आणि एकेक कागद समोर धरून विचारलं, ठेवू का नेऊ. दोन तास लागले. तिला घाई नव्हती.

लग्न थाटात झालं. त्यानंतर ठकूअक्काला शनिवार पुरेनासे झाले. मराठी घरं, तमिळ घरं, एकदा तर शिवाजीनगरातल्या एका उर्दू बोलणाऱ्या शिंप्याचं घरसुद्धा. पण तिनं आणखी एक गोष्ट केली जी यल्लव्वानं केली नव्हती. १९६२ पासून ती दर गुरुवारी दुपारी चौकात बसून ज्या बाईला हवा तिला मंत्र शिकवू लागली. सून असायची अट नाही, जातीची नाही, भाषेची नाही. दोन ओळी ती द्यायची आणि सांगायची, "शब्द तुमचा तुमी शोधा. माझा घेऊ नका, तुमच्या तोंडात तो रुजायचा न्हाई." काही बायका महिन्यात शिकल्या, काहींना वर्ष लागलं. आईला कधीच जमला नाही. तिला टाकायचं काय हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, विशेषतः रेडिओच्या बाबतीत.

१९६६ साली देवाप्पानं स्वतःचं बाइंडिंगचं दुकान काढलं आणि दोघं शहराच्या कडेला बनशंकरीकडे राहायला गेली. तेव्हा तिकडे नव्यानं घरं होत होती. मधे मोकळी माळरानं, आणि वाऱ्याबरोबर लाल धूळ दिवसभर आत यायची. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि आई बसनं तिला भेटायला गेलो. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. दोन्ही बाजूंच्या घरांतल्या बाया आपापल्या दारात उभ्या, प्रत्येकीचा हात आपापल्या उंबऱ्यावर. ठकूअक्कानं हात वर केला, सगळ्यांनी एकदम ओळी म्हटल्या, आणि मग अकरा दारांतून अकरा वेगळे शब्द ऐकू आले. अकरा लाल रांगा रस्त्यावर येऊन एकीला एक मिळाल्या आणि माळाकडे चालू लागल्या. एक सायकलवाला थांबून त्यांना वाट देत होता.

ठकूअक्कानं आम्हाला पाहिलं आणि तिथूनच हाक मारली, "वैनी! पायरीवर बसा, पेरू कापून ठेवलेत!"

पेरूंवर तिखटमीठ होतं. आईनं दोन खाल्ले, मी चार.